शंकेची पाल

माझ्या सासूच्या, सत्यवतीच्या नाकाला
तारामुंबरीच्या जेटीवर मान होता.
कल्ला न उघडता सांगायची,
ही सुरमई कालची, ती परवाची,
आणि ही तू बर्फाखाली लपवलेलीस, खोटं बोलू नको.
डब्यातले सोडे कधी बुरसतील,
कुणाच्या कालवणात आज तिरफळ कमी पडलंय,
सगळं ती उंबऱ्यावरूनच ओळखायची.

म्हणून वादळानंतरच्या त्या दिवसांत
आम्ही तिच्या नाकावर विसंबलो.

खांब आडवे, तारा माडांत अडकलेल्या.
फ्रीजरमध्ये दीडशे किलो मासळी.
दिगंबरने कणकवलीहून भाड्याने जनरेटर आणला
आणि पडवीत ठेवला. बाहेर कसा ठेवणार?
पाऊस आडवा येत होता,
आणि पेट्रोल चोरणारे उभे.
धुराचा वास आत आला तेव्हा
मधलं दार लोटून फटीत गोणपाट कोंबलं.
सासूने हुंगून पाहिलं. म्हणाली, गेला.

वास गेला होता.

दुसऱ्या रात्री डोकी जड झाली, स्वरांगी ओकली.
बांगडा शिळा असेल, मी म्हटलं.
"माझ्या हातचा बांगडा?"
मग तिने दृष्ट काढली,
मीठ, मोहरी, सात मिरच्या चुलीत.
ठसका असा लागला की सगळ्यांचे डोळे भरले.
ठसका लागला म्हणजे दृष्ट नाही.
आम्ही निर्धास्त निजलो.

पहाटे तीनला वासुदेव गिरकर बर्फ मागायला आला.
हाका मारल्या, शिव्या दिल्या, शेवटी दाराला लाथ घातली.
ती लाथ अजून आमच्या घरावर उधार आहे.
ओली जाळी ओढावीत तसं
चौघांना त्याने पाय धरून पावसात ओढलं.

बोका पडवीतच होता, यंत्राच्या उबेला,
नाकाचा शेंडा गुलाबी, जागा असल्यासारखा.
तीन घरांपलीकडचं मोरीचं मटण ओळखायचा तो.
सासू दवाखान्यातून आली ती थेट त्याच्यापाशी बसली.
"ह्येकाय कळाक नाय," एवढंच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं होतं:
हा धुरासोबत येतो, पण धूर नव्हे.
वास नाही, रंग नाही.
रक्तात श्वासाच्या पाटावर बसतो
आणि ऊठ म्हटलं तरी उठत नाही.

भाच्याने पुण्याहून कुरिअरने यंत्र पाठवलं,
साबणाच्या वडीएवढं, पांढरं, एक हिरवा ठिपका.
निजायच्या खोलीत भिंतीवर लावलं.
सासूने जवळ जाऊन तेही हुंगलं.
"ह्येका नाक खंय?
माज्या नाकाक जा कळाक नाय, ता ह्येका कळतला?"
तरी दर अमावास्येला, होडी किनाऱ्यावर असते तेव्हा,
तीच स्टुलावर चढून बटण दाबते.
चार किंकाळ्या, जरा गप्प, पुन्हा चार.
कान झाकून, डोळे मिटून ऐकते,
आरती चालल्यासारखी.

मार्गशीर्षात एका रात्री भिंतीवर चुकचुकलं.
"कृष्ण कृष्ण," ती झोपेतच पुटपुटली, कूस बदलली.
मीही म्हटलं, पाल.
पुन्हा चुक्. मग पुन्हा.
पाल काही इतकी वक्तशीर नसते.
उठले, बॅटरी मारली, सेल उतरले होते.
टीव्हीच्या रिमोटमधले काढून घातले.
दुसऱ्या दिवशी मालिका बुडाली,
ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही,
पण सेल परत मागितले नाहीत.

आता जनरेटर आमचाच आहे, माडाखाली,
पत्र्याच्या छपरात, घरापासून वीस पावलं.
काल उल्हास न्यायला आला, बहिणीच्या हळदीला.
"ठेवतलस खंय?"
"मांडवाभायर, काकी. लांब."
तिने पुढे होऊन त्याचं तोंड हुंगलं.
मग कमरेची चावी काढून दिली.